बाबांचा जनुकीय अहवाल आणि घरचा स्वयंपाक (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

वैशाली: सर्वांना नमस्कार. प्रशांत भाऊजींनी शहरातल्या एका दवाखान्यात बाबांची लाळ तपासायला दिली होती, तिचा जाडजूड अहवाल काल आला. त्यात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि दुधाचा चहा बंद करून क्विनोआ, ओट्स आणि बदामाचे दूध सुरू करायला सांगितले आहे. भाकर आपल्या शरीराला चालतच नाही असे बाबांच्या मनाने घेतले असून कालपासून ते ताट सरकवून उठतात. स्वयंपाक मला करायचा आहे, तेव्हा आधी एक शब्द विचारायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रशांत: वहिनी, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्के आहे आणि ती घरच्याच जेवणावर तिथवर गेली आहे. मी पुण्यात असलो तरी मला काळजी नाही असे कोणी समजू नये.

मोठे काका: अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'ही माहिती निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नये' असे छापलेले आहे. कृपया सर्वांनी वाचावे.

विलास: आपल्या साऱ्या पिढ्या ज्वारीवर जगल्या. जनुकांना ती चालत नव्हती तर त्यांनी तसे आधीच कळवायला हवे होते. क्विनोआला हमीभाव किती, तेही अहवालात असेल तर कळवावे, म्हणजे यंदा कपाशीऐवजी तोच पेरतो.

प्रशांत: विलासदादा, प्रत्येक गोष्ट थट्टेवारी नेण्याची आपली सवय जुनी आहे. मृणाल, तू आहारतज्ज्ञ आहेस, तूच सांग.

मृणाल: मामा, मी अहवाल पूर्ण वाचला. त्यात टीसीएफ७एल२ या जनुकामुळे आजोबांना मधुमेहाचा धोका जास्त असल्याचे म्हटले आहे. ते खरे असू शकते, परंतु ज्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली त्यांना तो होण्याचा धोका सांगून उपचारात काय बदलणार? भाकर बंद करण्याचे कारण ग्लूटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, असे दिले आहे, आणि ज्वारीत ग्लूटेन मुळातच नसते. ज्या एचएलए जनुकावरून हा इशारा दिला, ते ३० ते ४० टक्के लोकांत आढळते आणि त्यांतल्या फार थोड्यांना सीलिॲक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार होतो. हे जनुक नसेल तर तो आजार जवळपास नाकारता येतो, तेवढाच त्याचा खरा उपयोग. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार देऊन पाहिले. जनुकांवरून कोणता आहार कोणाला अधिक मानवेल हे ओळखता आले नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. दूध पचते की नाही, हे तर आयुष्यभर चहा पिणाऱ्या आजोबांनाच विचारावे.

मोठे काका: शेवटचे पान कृपया सर्वांनी वाचावे. मी फोटो पुन्हा टाकत आहे.

प्रशांत: म्हणजे माझे पैसे वाया गेले, असे सरळच म्हण.

वैशाली: ते कोणी म्हटलेले नाही, भाऊजी.

आत्या: भांडण नंतर करा. आमच्या नातसुनेला पाचवा महिना आहे आणि तिच्या माहेरी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे असे आता कानावर आले. तिचीही लाळ पाठवायची का?

मृणाल: आजी, लाळ पाठवू नका. एका जनुकाने आहार आणि औषध खरोखर बदलते, असा आपल्या विदर्भातला एक आजार हा आहे आणि त्याची रक्तचाचणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तिची आणि नवऱ्याची, दोघांचीही याच आठवड्यात करून घ्या, कारण दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुक असूनही स्वतःला आजार नसलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ती फक्त वाहक निघाली तर जेवणात काही बदलायचे नाही आणि लोहाच्या गोळ्याही आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. प्रत्यक्ष आजार निघाला तर फोलिक ॲसिड रोज, पाणी भरपूर, आणि लोह मात्र रक्तातले प्रमाण तपासून डॉक्टर सांगतील तरच, कारण वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णांच्या शरीरात ते साचत जाते.

विलास: आत्याबाई, सोमवारी मी गाडी काढतो. या बाबतीत थट्टा नाही.

आत्या: उपाशीपोटी जायचे का?

मृणाल: गरज नाही, तिला नाश्ता करून न्या. आजोबांनाही सोबत न्यावे. सिकलसेलचे वाहक असल्यास काही यंत्रांवर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा चुकू शकतो आणि त्यांची ही चाचणी कधीच झालेली नाही.

वैशाली: म्हणजे ज्या ८.९ वरून माझ्या स्वयंपाकाचा विषय निघाला, तो आकडाही पक्का नाही?

मृणाल: मामी, बोट टोचून तपासलेली साखरही वाढलेलीच येते, त्यामुळे मधुमेह आहेच. भाकरी दोनच, वरण घट्ट, भाजी दुप्पट, आणि दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटे बंद.

प्रशांत: बिस्किटांचे डबे मी पाठवतो. या महिन्यापासून पाठवणार नाही. सोमवारच्या चाचणीचे कागद मला वेगळे पाठवावेत.