विषय: दोन कुत्रे, घरभर केस – व्हॅक्यूम कुठला घ्यावा?

प्रेषक: खंड्या-भैरवची आई, नेपरव्हिल (शिकागोजवळ)

मंडळी, नमस्कार.

आमच्याकडे खंड्या (पिवळा लॅब) आणि भैरव (जर्मन शेफर्ड) असे दोघे आहेत. खाली हार्डवुड, वर आणि जिन्यावर कार्पेट. एप्रिल लागला आणि दोघांनी एकदमच कोट सोडायला सुरुवात केली आहे. वरणात केस, कुर्त्यावर केस, देव्हाऱ्यातल्या समईच्या वातीलासुद्धा केस.

सध्याचा कॉर्डलेस व्हॅक्यूम बूस्टवर (सर्वांत जोराच्या सेटिंगवर) लावला की दहा-एक मिनिटांत मान टाकतो, आणि बूस्टशिवाय कार्पेटमधलं काही निघत नाही. मेअखेर सासूबाई पुण्याहून येताहेत, त्यांना दमा आहे. बजेट पाचशे ते आठशे डॉलर. दुकानात गेले तर विक्रेता सक्शनचे आकडे तोंडावर फेकतो. रोबॉट घ्यावा, की मोठा वायरवाला? ज्यांच्या घरी खरंच केस गळणारी कुत्री आहेत त्यांनी सांगा.

---

प्रेषक: शॉमबर्गहून एक सभासद

आमचा डायसन चार वर्षं मस्त चाललाय. डोळे झाकून घ्या.

(कुत्रा नाही.)

---

प्रेषक: नाना, ब्रूनोचे आजोबा, डाउनर्स ग्रोव्ह

खंड्याच्या आईस, स. न. वि. वि.

सक्शनचे आकडे आधी डोक्यातून काढून टाक. इथल्या घरात १२० व्होल्ट, आणि घरगुती व्हॅक्यूम १२ अँपिअरच्या वर जात नाही. गुणाकार कर, १४४० वॅट. त्यामुळे वायरवाली मोठी यंत्रं कागदावर सगळी उन्नीस-बीस. युरोपात तर सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचा घरगुती व्हॅक्यूम नव्याने बाजारात आणताच येत नाही, आणि तिकडची कार्पेटं काही घाणेरडी राहिलेली नाहीत.

प्रश्न केस *सुटण्याचा* आहे, ओढण्याचा नंतर. लॅबचा केस आखूड आणि ताठ. तो कार्पेटवर पडून राहत नाही, टोकाने आत रुततो आणि पावलांखाली आणखी खाली जातो. शेफर्डचा आतला मऊ कोट वेगळा, तो गुंतून बसतो. नुसत्या हवेने दोन्ही निघत नाहीत. फिरत्या ब्रशने कार्पेट झोडपलं पाहिजे, म्हणजे केस वर येतो आणि मग हवा त्याला घेऊन जाते. म्हणून पहिला प्रश्न हा विचार: ब्रशला स्वतःची मोटर आहे का? कॅनिस्टर (यंत्र चाकांवर मागून येतं, हातात नळी) घेणार असशील तर विशेष जपून. बऱ्याच स्वस्त कॅनिस्टरचा ब्रश फक्त आत येणाऱ्या हवेवर फिरतो. जाड कार्पेटवर जरा दाबला की तो थांबतो, आणि वरून कळतही नाही.

दुसरा प्रश्न: ब्रश बाहेर कसा निघतो? हे दुकानात स्वतःच्या हाताने करून बघ. केस ब्रशच्या मधोमध कमी गुंडाळले जातात. खरा त्रास दोन्ही टोकांना, जिथे बेअरिंग असतं. तिथे ते दाबून दाबून नमद्यासारखे घट्ट होतात, मग घर्षणाने टोकाचं प्लास्टिक तापतं, पट्टा घसरतो आणि रबर जळल्याचा वास येतो. लोक म्हणतात मोटर गेली. मोटर बिचारी ठणठणीत असते. सेबो या ब्रँडचा ब्रश एक बटण दाबलं की आडवा सरकून बाहेर येतो. काही यंत्रांत त्याच कामासाठी खालची पट्टी काढायला पाच-सहा स्क्रू. जे काम पंधरा दिवसांनी करायचं आहे त्याला स्क्रू असतील तर ते काम होत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. ब्रशवरचे केस कापायला शिवणाच्या डब्यातलं सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार) वापर, कात्रीने ब्रिसल कापले जातात. शार्कसारख्या काही ब्रँडचे ब्रश आपले केस आपणच सोडवतात म्हणतात. बरेच सोडवतात, पण टोकं तरीही बघावी लागतात.

तिसरं, धूळ पिशवीत जमावी की डब्यात. इथे माझं मत ठाम आहे: दम्याचं माणूस घरी येणार असेल तर पिशवी. डब्याच्या यंत्रात केस आतल्या जाळीभोवती गुंडाळले जातात, ते बोटांनी ओढून काढायचे आणि कचऱ्याच्या पेटीवर डबा उघडला की बारीक धूळ तोंडावर. वर्षभर गोळा केलेलं पुन्हा घरात. पिशवीचं तोंड बंद करून टाकून दिली की संपलं. पिशव्यांचा खर्च आहे, नाकारत नाही. आणि कुत्र्यांच्या घरात पिशवी भरायच्या आधीच दम तोडते, कारण त्वचेचा बारीक कोंडा तिची छिद्रं बुजवतो. अर्धी दिसली तरी ओढ कमी वाटली की बदल.

थोडं विषयांतर. ओहायोत कँटन गावी एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जेम्स मरी स्पँगलर नावाचा सफाई कामगार होता. कार्पेट झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा उसळायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं, पुढे फिरता ब्रश लावला, आणि १९०८ साली पेटंट मिळवलं. ते हूव्हर नावाच्या चामडी सामानाच्या उत्पादकाने घेतलं, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दमा, फिरता ब्रश आणि कापडी पिशवी ही तिकडी तेव्हापासूनची आहे.

तेव्हा: पिशवीवाला, मोटरचा ब्रश असलेला, वायरवाला. सेबोचा उभा किंवा मिलेचा कॅनिस्टर. दोन्ही जर्मन, दोन्हीचे सुटे भाग मिळतात. किंमत तुझ्या बजेटच्या वरच्या टोकाला किंवा जरा बाहेर जाईल. जिन्याला कॅनिस्टर सोयीचा, कारण हातात फक्त नळी आणि डोकं. खाली हार्डवुडवर मात्र ब्रश *बंद* करता आला पाहिजे, नाहीतर तो केस मागे भिरकावतो आणि तू पुढे जातेस.

मोठ्या स्टोअरऐवजी शिवणयंत्रं आणि व्हॅक्यूम दुरुस्त करणारं जुनं दुकान शोध. घरून झिपलॉकमध्ये दोघांचे केस घेऊन जा, त्यांच्या कार्पेटच्या तुकड्यावर टाक, बुटाने चांगले रगड, आणि मग म्हण, दाखवा.

नाना

---

प्रेषक: हस्कीवाली वहिनी, ऑरोरा

नाना, सगळं मान्य. पण तुमचं ते यंत्र उचलून रोज कोण फिरवणार? घरात ब्रूनोचे आजोबा रिटायर्ड असले की जमतं हो!

माझं म्हणणं असं, खंड्याची आई: मोठा व्हॅक्यूम घेच, पण आठवड्यातून दोनदाचा. रोजचं काम रोबॉटला दे, खालच्या हार्डवुडवर. हार्डवुडवर केस रुतत नाहीत, नुसते गोळे होऊन सोफ्याखाली जमतात, आणि तिथे रोबॉट आपल्यापेक्षा बरा जातो. जाड कार्पेटवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नकोस. त्याचा डबा इवलासा असतो, दोन मोठ्या कुत्र्यांच्या घरात एका फेरीतच भरतो, म्हणून डॉकवाला बघ, म्हणजे चार्जिंगच्या तळावर येऊन स्वतः रिकामा होणारा. आणि डॉकच्या तोंडाशी केसांचा बोळा अडकतोच, तो बघत जा.

आता नाजूक विषय. कुत्रा कधी आजारी पडला आणि रात्री घरात शी झाली, आणि रोबॉट पहाटेच्या वेळापत्रकावर असेल, तर तो ती शी घरभर काढलेल्या रांगोळीसारखी पसरवून ठेवतो. हसू नका, ज्यांच्याकडे झालंय ते हसत नाहीत. रोबॉट व्हॅक्यूम बनवणाऱ्या आयरोबॉट कंपनीने २०२१ मध्ये कॅमेऱ्याने शी ओळखून वळसा घालणारं मॉडेल आणलं ते उगाच नाही. माझा नियम साधा आहे: आम्ही जागे आणि घरात असतानाच रोबॉट चालणार.

पण खरी गोष्ट व्हॅक्यूमच्या आधीची आहे. कोट सुटतोय तेव्हा रोज डेकवर नेऊन अंडरकोट रेकने (आतला मऊ कोट काढायच्या लांब दातांच्या फणीने) विंचर. बादलीभर निघतं. जितकं बाहेर निघेल तितकं कार्पेटवर पडणार नाही. आंघोळ घालून जोरात ब्लो-ड्राय केलं तर त्याहून जास्त सुटतं; ग्रूमरकडे एकदा पैसे घाल, बेसमेंटमध्ये तो प्रयोग करू नकोस. आणि उन्हाळा आला म्हणून कुणी "भादरून टाका" म्हणेल, तर ऐकू नकोस. दुहेरी कोट त्यांना उन्हातही कामाचा असतो, आणि भादरल्यावर धड परत येईलच असं नाही.

सोफ्याला भांड्यांचे रबरी हातमोजे, किंचित ओले, एकाच दिशेने हात फिरव. जिन्याच्या कडेला खिडक्या पुसायचा रबरी स्क्वीजी ओढ. जे व्हॅक्यूम करूनही राहतं ते निघेल, बघून लाज वाटेल इतकं.

---

प्रेषक: डॉक्टर काकू, नेपरव्हिल

सासूबाईंसाठी दोन शब्द, कारण सगळे केसांवरच बोलताहेत.

ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. मुख्य प्रथिनाचं नाव कॅन एफ १. ही कणी इतकी बारीक की हवेत तरंगत राहते. म्हणजे जमीन चकाचक दिसली तरी काम झालेलं नसतं. त्यांना दमा आहे म्हणजे कुत्र्याची ॲलर्जी असेलच असं नाही, पण नसेल हे गृहीत धरू नकोस.

हेपा म्हणजे बारीक कण अडवणारा फिल्टर. व्हॅक्यूमवर नुसतं "हेपा-टाइप" किंवा "हेपासारखं" लिहिलं असेल तर उपयोग नाही. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. आणि फिल्टर खरा असूनही यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर ती फिल्टरला न भेटताच बाहेर येते, म्हणून *पूर्ण सीलबंद* यंत्र मागा. नानांच्या पिशवीला माझा पाठिंबा.

त्यांची खोली कुत्र्यांना आजपासून बंद, त्या आल्यावर नव्हे. कोंडा आठवडेच्या आठवडे टिकतो. अंथरूण गरम पाण्यात धुवा, खोलीतलं कार्पेट सावकाश, उभंआडवं व्हॅक्यूम करा. व्हॅक्यूम चालू असताना आणि नंतर थोडा वेळ त्यांनी त्या मजल्यावर नको. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदला. मर्व्ह (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा आकडा) ११ ते १३ बघा, पण फर्नेसच्या ब्लोअरला, म्हणजे पंख्याला, १३ झेपतो का ते आधी विचारा. आणि निघण्यापूर्वी त्यांनी पुण्यातल्या डॉक्टरांकडून इन्हेलर आणि औषधांचं नीट लिहून आणावं, पुरेसा साठा हँडबॅगेत.

---

प्रेषक: खंड्या-भैरवची आई

सगळ्यांचे आभार! काकू, खोलीला आजच दार लावलं. भैरव बाहेर बसून दाराखालच्या फटीत नाक घालून निषेध करतोय.

नाना, एक शंका. दिवाळीत, हळदीकुंकवाला रांगोळी असते, आणि लाडू वळताना बेसन सांडतंच. ते या यंत्राने ओढलं तर चालेल ना?

---

प्रेषक: नाना

रांगोळी नको! ती दगडाची पूड आहे. बारीक, आणि पिशवीची छिद्रं क्षणात बुजवते. डब्याच्या यंत्रात फिल्टर चोंदतो. बेसनाचं तेच. कार्पेटवर वास जायला लोक बेकिंग सोडा पसरून ओढतात, तेही बंद कर. रांगोळी झाडूने भरायची, ओल्या फडक्याने पुसायची. अक्षता, फुलांच्या पाकळ्या बिनधास्त ओढ. ओलं काहीही नाही.

वहिनीच्या रोबॉटवर माझा आक्षेप नाही. फक्त त्याच्यासाठी मोठ्या यंत्राच्या बजेटला कात्री लावू नकोस. पैसे एकाचेच असतील तर आधी वायरवाला, रोबॉट थँक्सगिव्हिंगच्या सेलला.

आणि हे यंत्र पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर सोड, तिकडे २३० व्होल्ट.

---

प्रेषक: लिस्टचे संयोजक

धागा उत्तम चालला आहे, पण महाराष्ट्र दिनाच्या पोटलकसाठी अजून पुरणपोळीला चार नावं हवी आहेत आणि मठ्ठ्याला एकही नाही. कृपया वेगळ्या ईमेलने कळवा, इथे नको. कुत्रे हॉलमध्ये आणता येणार नाहीत, हेही याच निमित्ताने.

---

प्रेषक: खंड्या-भैरवची आई

मठ्ठा माझ्याकडे लावा.

व्हीटनमध्ये एक दुरुस्तीचं दुकान सापडलं, त्यांच्याकडे सेबो आणि मिले दोन्ही चालवून बघता येतात. झिपलॉक घेऊन येते म्हटलं तर तो माणूस म्हणाला, "बरेच जण आणतात." शनिवारी ११ वाजता निघतेय. वहिनी, तुला यायचं असेल तर वाटेत घेते, तुझ्या हस्कींचे केस पण आण. कॅनिस्टर जिन्यावर उचलून बघायचा आहे, तेव्हा मला दुसरं माणूस हवंच आहे.