शेवटची कर्जत, पहिली लोणावळा : ट्रेनने डोंगरात गेल्याचे अनुभव

परवा पुतण्याने विचारलं, "काका, कर्जतला पार्किंग कुठे मिळेल?" चौघे मित्र राजमाचीला निघाले होते. मला उत्तरच देता येईना. कर्जतला गाडी लावायची असते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कर्जतला गाडीतून उतरायचं असतं.

त्यावरून हा धागा. गडाचं वर्णन, वाटा, टाकी, बुरूज यावर भरपूर लिहून झालंय, ते इथे नको. घरातून निघून पायथ्याच्या स्टेशनापर्यंत काय झालं आणि तिथून परत कसे आलात, तेवढंच लिहा. चुकलेली गाडी असेल तर उत्तम.

सुरुवात मी करतो. ठाणे, साधारण १९८९ ते ९६. शनिवारी घरी जेवून मध्यरात्रीनंतरची शेवटची कर्जत लोकल पकडायची. इंडिकेटरवर तेव्हा 'एस' पडायचा. एस म्हणजे कर्जत, एन म्हणजे कसारा. नवीन पोराला हे कळायला एक ट्रेक वाया जायचा. बदलापूर गेलं की डब्यात आम्ही आणि पेपर अंथरून झोपलेले दोघं-तिघं. डोंगर दिसायचा नाही, पण वांगणीच्या आसपास दारातून येणाऱ्या वाऱ्याचा वास बदलायचा.

कर्जतला उतरल्यावर उजाडेपर्यंत मुक्काम फलाटावर. कॅरीमॅट वगैरे पुढे आल्या, आमच्याकडे प्लॅस्टिकचा कागद आणि जुनी चादर. झोप कसली लागते! घाट चढायचा म्हणून पुण्याकडच्या प्रत्येक गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा एंजिन, लावायचे. एंजिन येऊन टेकलं की धक्का शेवटच्या डब्यापासून पुढे पळत जायचा, डब्यामागून डबा, आणि तो फलाटावर टेकलेल्या पाठीला कळायचा. मग मागच्या एंजिनाची शिटी, पुढच्याची शिटी, आणि गाडी हलायची. तासाभराने पुन्हा तेच. पहाटे पहिला चहा झाला की कोंदिवडे, कोंढाण्याची लेणी, आणि वर राजमाचीची उधेवाडी.

येताना उल्हासच्या पाण्यात अंघोळ करून कर्जतची रिकामी लोकल. खिडकी प्रत्येकाला. ओले मोजे वरच्या रॅकवर वाळत घालायचे. कल्याणला गर्दी चढायची आणि आमच्या आसपासची तेवढी जागा मोकळी राहायची. कारण उघड आहे.

पुण्याहून

आमच्याकडे शेवटचीचं नाही, पहिलीचं महत्त्व. पहाटेची लोणावळा लोकल, शिवाजीनगरहून. मळवलीला उतरायचं, भाजे, मग विसापूर किंवा लोहगड, आणि लोकांना वाटतं तेवढं ते सोपं नसतं. विसापूरच्या त्या दगडधोंड्यांच्या ओढ्यात पावसाळ्यात पाणी आणि वाट एकच असते. असो, गड नको म्हणालात.

लक्षात राहिलेत ते दूधवाले. सकाळी आम्ही लोणावळ्याकडे आणि ते समोरच्या गाडीने पुण्याकडे. खिडक्यांच्या गजांना बाहेरून किटल्या टांगलेल्या. समोरून लोकल गेली की आधी किटल्यांचा खणखणाट आणि मग गाडी. आमच्यातला एक जण डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचा की समोरून लोकल गेली की एक्सप्रेस.

आणि दुपारचा तो खड्डा! दुपारी कित्येक तास लोकलच नसायची. साडेअकराला उतरून आलात तर घाईने आल्याची शिक्षा म्हणून मळवलीच्या फलाटावर बसा. मी त्या बाकावर अख्खं कॉस्टिंगचं पुस्तक वाचलंय. पास झाले.

डोंबिवलीहून

१९९८, मी टीवायला. कळसूबाई. आईची अट एकच : रात्री दहाच्या आत घरी. सहा मुलगे, दोन मुली, शिवाय दुसरी मुलगी खरोखर येणार आहे का हे आईने तिच्या घरी फोन करून विचारलेलं.

पहिल्या कसाऱ्याने गेलो. खर्डीनंतर दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ यायला लागतात आणि कसाऱ्याला लोकलचं राज्य संपतं. पुढे थळ घाट आहे, तिथे लांबच्या गाड्यांनाही मागून एंजिन लावावं लागतं. आपण जीप करायची. कसारा स्टेशनबाहेरच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये किती माणसं मावतात याला उत्तर नाही. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसून चालवत होता. इगतपुरी, घोटी, बारी.

उतरताना माझ्या बुटाचा तळ सुटला. जीभ बाहेर काढल्यासारखा पुढून उघडला. सुतळीने बांधला, शंभर पावलांवर सुतळी तुटली. मग एकाने ओढणी मागितली, फाडली, बांधली. या भानगडीत घोटीकडची जीप गेली, दुसरी मिळेपर्यंत अंधार, आणि कसाऱ्याला पोचलो तेव्हा लोकल डोळ्यांसमोरून सुटली. पुढचीला तासाहून जास्त वेळ. फलाटावर पिवळा पीसीओ होता. रुपयाचं नाणं टाकलं, घरचा फोन एंगेज. पुन्हा टाकलं, एंगेज. आई प्रत्येकाच्या घरी फोन लावत होती हे नंतर कळलं.

डोंबिवलीला सव्वाअकराला उतरले. बाबा फलाटावर उभे होते. काही बोलले नाहीत, सॅक घेतली, ओढणीने बांधलेल्या बुटाकडे एकदा बघितलं. रिक्षात बसल्यावर एवढंच विचारलं, "शिड्या आहेत का अजून?"

तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की बाबा कळसूबाईला गेलेले आहेत.

बदलापूरहून

थोडं खटकणारं लिहितो, चालेल ना? मी ट्रेकर नाही, पासधारक. रविवारी संध्याकाळी ड्युटीवरून यायचं, त्यात तुम्ही लोक. दारात चार सॅक, प्रत्येक वळणावर एक सॅक माझ्या तोंडात. चिखलाचे बूट समोरच्या सीटवर. आणि भिवपुरीच्या धबधब्यावरून आलेली मंडळी असतील तर बोलायलाच नको, अर्ध्यांना आपण कुठल्या गाडीत आहोत हेही माहीत नसतं. दर पावसाळ्यात तिथे अपघात, मग बंदी, मग पुन्हा तेच. सॅक पाठीवर नको, पुढे पोटावर घ्या, किंवा रॅकवर टाका. बस, एवढंच.

(माझा मुलगा आता दर रविवारी जातो. सॅक पोटावर घेतो.)

धागाकर्ता

मान्य. मोज्यांबद्दलही माफी.

बेळगावहून

आमची रेल्वे म्हणजे लोंढा, कॅसलरॉक आणि खाली कुळे. मीटरगेज होती तेव्हाच्या गोष्टी आहेत. गाडी घाट इतक्या सावकाश उतरायची की गार्डशी गप्पा मारता यायच्या. उतार १:३७ चा, मधे ब्रेक तपासायला थांबा, पुन्हा बोगदा, पुन्हा थांबा. दूधसागरला आम्ही उतरायचो, आणि परत कॅसलरॉकला रुळावरूनच चालत. बोगद्यात बॅटरी एकाकडेच. गाडीचा आवाज आला की भिंतीतल्या कोनाड्यात शिरायचं, पाठ ओल्या दगडाला चिकटवून. गाडी जाते, मग डिझेलचा धूर बोगद्यात राहतो आणि दोन मिनिटं स्वतःचा हातही दिसत नाही.

हे शौर्य म्हणून सांगत नाही. आज रुळावरून चालायला मनाई आहे, रेल्वे पोलीस पकडतात, आणि पकडावंच. आमच्या वेळी गाड्या कमी होत्या आणि अक्कल त्याहून कमी.

नेरळहून

वय ७१. आमच्या दारातच गाडी, तीही छोटी. आदमजी पीरभॉय यांनी १९०७ साली माथेरानची लाइन सुरू केली, तिची फुलराणी. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटर, आणि वळणं इतकी की पुढचं एंजिन खिडकीतून दिसतं आणि ते आपल्याकडेच येतंय असं वाटतं. शाळेत असताना आम्ही जुम्मापट्टीच्या पुढे उडी मारायचो, पायवाटेने सरळ वर चढायचो, आणि वरच्या वळणावर तीच गाडी पुन्हा पकडायचो. तिकीट काढलेलं असायचं की नाही हे विचारू नका.

मुंबईचे लोक पेबचा किल्ला चढून यायचे ते वर माथेरानच्या रुळावरच बाहेर पडतात. त्यांना वाटायचं आता गाडी मिळेल. गाडी गेलेली असायची. मग ते रुळावर बसून उरलेली काकडी खायचे आणि आम्हाला विचारायचे, "नेरळ किती लांब?" आम्ही सांगायचो, "हे काय, खाली दिसतंय." दिसायचं खरंच. पण रूळ धरून गेलात तर नेरळ एकदा डावीकडे दिसतं, एकदा उजवीकडे, एकदा पाठीमागे.

२००५च्या जुलैतल्या पावसाने लाइन ठिकठिकाणी वाहून गेली. काही ठिकाणी खालची माती गेली आणि रूळ नुसते हवेत लोंबत होते, दोरीवर कपडे वाळत घालतात तसे. मी बघायला गेलो होतो. २००७ला गाडी पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या काळात स्टेशनजवळच्या रानभाजीवाल्या बायका रोज विचारायच्या, "गाडी कवा?" करटुली घेऊन बसायच्या, आणि गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच. किती करटुली खाणार माणूस!

पालघरहून

पश्चिम रेल्वेला कुणी विचारत नाही. सफाळ्याला उतरा, तांदुळवाडीचा किल्ला. पालघरला उतरा, काळदुर्ग. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल आहे, त्याआधी शटल होती आणि ती चुकली की दिवस संपला. पहाटे उलट दिशेने भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढतात. त्यांच्या डब्यात चुकून चढलात तर तुमची सॅक तुमच्या आधी खाली उतरते.

मँचेस्टरहून

मूळची नाशिकची, इथे अकरा वर्षं. पिकॅडिली स्टेशनवरून शेफील्डकडे जाणारी थांबत थांबत जाणारी गाडी पकडायची, पाऊण तासात एडेल. त्याआधी काउबर्नचा बोगदा, सुमारे ३.४ किलोमीटर. आत शिरताना पाऊस, बाहेर पडताना हिरवी दरी आणि पाऊस. पहिल्यांदा गेले तेव्हा बोगदा संपल्यावर तोंडातून "आलं इगतपुरी" असं निघून गेलं. समोरच्या आजोबांनी अत्यंत सभ्यपणे मान डोलावली.

एडेलपासून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट सुरू होते. आम्ही मात्र किंडर स्काउटला जातो. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्याकडे कुणी हिशेबात धरणार नाही, पण वर दलदल आणि वारा असा की पाय रोवून उभं राहावं लागतं. किंडर डाउनफॉल नावाचा धबधबा आहे, त्याचं पाणी वाऱ्याने वर उडतं. नाणेघाटासारखंच! फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर काका म्हणाले, "जुन्नरला कधी आलीस?"

हे पठार एकेकाळी शिकारीसाठी राखलेलं, खासगी, चालायला बंदी. २४ एप्रिल १९३२ला गिरणी-कारखान्यांतली तरुण मुलं शेकड्यांनी मुद्दाम वर घुसली. पाच जणांना तुरुंगवास झाला. ठाणे-कल्याणची पोरं शनिवार रात्रीची वाट बघायची, तशी ही मुलं रविवारची बघायची, हे वाचलं तेव्हा फार जवळचं वाटलं.

रविवारी संध्याकाळी एडेलच्या फलाटावर सगळे चिखलाने भरलेले, गाडी उशिरा, आणि प्रत्येक जण आपापला डबा उघडतो. माझ्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी दर वेळी अर्धा फलाट खातो.

कांदिवलीहून

छोटासाच अनुभव. २००३, माहुली गड करायचा म्हणून आम्ही पाच जण रात्रीच्या कसाऱ्याने निघालो. उतरायचं आसनगावला. जाग कोण राहणार यावर कल्याणपर्यंत भांडण, शेवटी पाळ्या ठरल्या. पहिली पाळी माझी. डोळे उघडले तेव्हा झाडूवाला पायाला झाडू लावत होता. कसारा.

तीच गाडी परत निघणार होती, म्हणून उतरलोच नाही. आता आसनगावला नक्की, म्हणून दुसऱ्याची पाळी लावली.

पुढची जाग कल्याणला आली. माहुली अजून राहिलाय.