मदत हवी आहे: पीव्हीए-हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट जेलमध्ये पूड तळाला बसते

मंडळी, बेळगावातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये कूर्चेसाठी पाणी धरणारं जेल करतोय. पूर्ण हायड्रोलाइझ्ड पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) १० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १०० मिली, ९० अंशांवर ढवळून विरघळवतो. मग १ ग्रॅम नॅनो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट खनिज, सिरॅमिक पूड), प्रोब सॉनिकेटरने (ध्वनिलहरींनी) विखुरणं, ३ मिमी साच्यात ओतणं आणि उणे २० अंशांवर गोठवणं-वितळवणं, पाच फेऱ्या.

अडचण पहिल्या गोठवणीआधीच येते. पुडीची घनता पाण्याच्या तिप्पट, त्यात गुठळ्या. तळ पांढरा आणि कडक, वरचा थर मऊ. मग चकती फुगताना वाकते. द्रावण खोलीच्या तापमानाला आणून, घट्ट झाल्यावर ओतलं की थोडा फरक पडतो, पण पुरेसा नाही.

सोडियम सायट्रेटने पूड आधी विखरून घेतली तर प्रमाण किती ठेवावं? जास्त झालं तर पीव्हीए साका होऊन वेगळं होईल, ही भीती आहे. की कॅल्शियम नायट्रेट आणि डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरस १.६७ गुणोत्तरात घेऊन पूड द्रावणातच तयार करावी? तसं केल्यास अमोनिया धुऊन काढायला किती पाणी बदलावं लागतं?

फुगवटा मोजताना कोरड्या वजनातून सिरॅमिक वजा करतो, कारण पाणी पीव्हीएच धरतं. इथल्या पावसाळी दमटपणात वाळलेली चकती लगेच ओल धरते, म्हणून डेसिकेटरमधून काढून ताबडतोब वजन.

ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करताना) हे जेल वितळतं. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागात गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला छोटे नमुने कुठे घेतात?