जप्तीआधी नोंदी तपासा

मालमत्ता कराच्या थकबाकीदारांची घरं-दुकानं जप्त केली की करवसुली सुधारेल, हा मुद्दा अर्धाच पटतो. जप्ती ही शेवटची पायरी. खरी गळती त्याच्या कितीतरी आधी, आकारणीच्या नोंदीतच होते. वाढवलेला मजला, निवासी जागेत चाललेलं दुकान, कधी नोंदच न झालेली इमारत, यांना एकतर बिल जात नाही किंवा जुन्याच आकारणीने जातं. जे कागदावरच नाही ते जप्त कसं करणार?

बंगळुरूने 2000 साली स्वयं-आकारणी आणली. विभागवार दर जाहीर, मालकाने क्षेत्रफळ सांगायचं आणि हिशोब स्वतःच करायचा. त्यामुळे निरीक्षकाशी 'समजून घेण्याची' जागा कमी होते. अर्थात नमुना तपासणी आणि खोट्या माहितीला जबर दंड नसेल, तर हीसुद्धा पोकळच.

आणि ती अभय योजना, म्हणजे थकबाकीवरचं व्याज-दंड माफ करण्याची सवलत! हे आज ना उद्या माफ होणार हे ठाऊक असलं की वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. त्यापेक्षा मासिक हप्त्यांची सोय द्या. वर्षाची रक्कम एकदम मागितली की पंचाईत होते ती पेन्शनवर जगणाऱ्यांची. बडे थकबाकीदार कोर्टातून स्थगिती आणून निवांत असतात.