विश्वास तुटला त्या क्षणी मनात काय होतं?

कामात कुणी दगा दिला की काय घडलं ते आपण सगळ्यांना सांगतो. मला वेगळं विचारायचंय. तेव्हा राग होता, दुःख, लाज की भीती? आणि त्यापायी तुम्ही काय केलंत?

माझ्यापासून सुरुवात करतो. तीन महिने खपून केलेला अहवाल सहकाऱ्याने बैठकीत स्वतःच्या नावावर मांडला. मी गप्प. जणू चोरी माझीच पकडली गेली, अशी लाज वाटत होती. राग रात्री आला. सगळ्यांना सीसी करून लांबलचक ईमेल धाडला. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती माझ्या भाषेची. अहवालाचं कुणी नावही काढलं नाही.

*

माझं उलट. राग आलाच नाही, फार वाईट वाटलं. गरोदर असल्याचं मी फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं. तिने ते साहेबांच्या कानावर घातलं आणि नवा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला. मी भांडले नाही. ‘हो’, ‘नाही’, ‘पाठवते’, एवढंच बोलायचे, दोन वर्षं. मी नोकरी सोडताना ती म्हणाली, “तू का तुटलीस, मला कळलंच नाही.” ती खरं बोलत होती. तेव्हाच भांडले असते तर निदान तिला कारण तरी कळलं असतं. हे अजून सलतं.

*

मला भीती होती. डोक्यावर कर्ज. कबूल केलेला ओव्हरटाइम दिला नाही, तरी “चालेल सर” म्हणालो. राग निघाला महिन्यांनंतर, तोही नव्याने आलेल्या मुलावर. त्याची माफी मागितली.

*

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये, समोरचा विश्वासाला पात्र वाटण्यामागे तीन गोष्टी मांडल्या: कुवत, सदिच्छा, सचोटी. टीम सांभाळताना मला हे फार उपयोगी पडलं. एकाने चुकीचे आकडे पाठवले. मी त्या दिवशी आधीच दुसऱ्या कारणाने चिडलेली, त्यामुळे मला थेट त्याची नियत खोटी वाटली. चूक खरं तर कुवतीची होती, त्याला ते काम कुणी शिकवलंच नव्हतं. आता चिडले असताना कुणाच्या हेतूबद्दल लिहीत नाही.

*

विश्वास मीच तोडला होता. भागीदाराला न विचारता ग्राहकाला शब्द दिला. त्याने आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. तो एवढंच म्हणाला, “मला हे ग्राहकाकडून कळलं, याचं वाईट वाटलं.” मला बचावाला जागाच उरली नाही. तेव्हापासून कुठलाही शब्द देण्याआधी त्याला फोन करतो.