मशीन ठणठणीत, कार्ड गेलं

मशीनना सेन्सर लावले की वीज वाचते, म्हणजे कारखाना पर्यावरणपूरक झाला, असं बरेच जण म्हणतात. वीज वाचते, मान्य. आमच्या अंधेरीच्या गाळ्यात कॉम्प्रेसरची हवागळती सेन्सरमुळेच सापडली.

पण गेल्या पावसाळ्यात सीएनसीचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचं, कंट्रोलर कार्ड जळालं. बेड, म्हणजे मशीनचा पाया, शाबूत; स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, काही नाही. कंपनी म्हणे, ते मॉडेल बंद झालं, नवीन मशीन घ्या! तळहाताएवढ्या कार्डापायी दोन टनांचं बिडाचं धूड भंगारात? शेवटी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनं कार्ड मिळालं, नशीब आमचं. शेजारचं वडिलांच्या वेळचं लेथ अजून चालतंय. त्याला तेल आणि पट्टा, एवढंच लागतं.

आणि ते जळकं कार्ड, वायरलेस सेन्सरच्या संपलेल्या लिथियम बॅटऱ्या कुठे जातात? २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला जेमतेम २२.३ टक्के. आपल्याकडे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. गाळ्याच्या दारात मात्र भंगारवालाच येतो. तो तांबं बघून भाव करतो, बॅटऱ्यांना हात लावत नाही. आमच्या त्या अजून बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत.