सीपॅप मशीन विकायचं आहे (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

कुलकर्णीकाकू (ए-३०४): नमस्कार मंडळी. सीपॅप मशीन विकायचं आहे. झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं. दिवाळीनंतर घेतलं, जेमतेम वापरलंय. यांना मास्क सहनच होत नाही. ओळखीत कुणाला हवं असेल तर कळवा.

सावंत, सेक्रेटरी (बी-१०१): वहिनी, खरेदी-विक्रीसाठी वेगळा ग्रुप आहे. इथे फक्त पाणी, लिफ्ट, पार्किंग 🙏

गोखले आजोबा (सी-२०२): राहू द्या हो सावंत. लिफ्टवर वर्षभर बोलतोच आहोत, ती कुठे सुरू झाली? वहिनी, मीही हेच मशीन लावून झोपतो. मास्क कुठला आहे?

कुलकर्णीकाकू: नाक-तोंड दोन्ही झाकणारा. दुकानदार म्हणाला मोठाच घ्या, झोपेत तोंड उघडलं तरी काळजी नाही. सकाळी नाकावर लाल वळ, तोंडाला कोरड आणि रात्रभर डोळ्यांत वारा. दीड-दोनपर्यंत तो ओढून फेकलेला असतो आणि घोरणं पहिल्यासारखं सुरू.

कुलकर्णीकाका (ए-३०४): मीही या ग्रुपवर आहे, एवढं लक्षात असू दे.

तेजश्री (डी-५०३): काकू, मी स्लीप लॅबमध्ये, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी (स्लीप स्टडी) करतात तिथे, टेक्निशियन आहे म्हणून मध्येच बोलते. एवढ्यात विकू नका. काका, स्लीप स्टडीच्या रात्री कुठला मास्क लावला होता?

कुलकर्णीकाका: फक्त नाकावरचा. त्या रात्री झोप झकास लागली होती. मशीनच्या हवेचं प्रेशर ९ ठरलं.

तेजश्री: इथेच घोडं अडलंय. प्रेशर ठरलं नाकाच्या मास्कवर आणि घरी आला नाक-तोंडाचा. तोच ९ दोघांना पुरेलच असं नाही.
झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट बंद होते. नाकातून दाबाने हवा आली की ती या दोघांच्या मागच्या बाजूने रेटते. पुढे तोंडात तेवढा दाब नसतो, त्यामुळे जीभ-टाळू पुढे सरकतात आणि वाट उघडी राहते. आता तोंडातूनही तोच दाब दिला तर पुढून-मागून सारखाच रेटा, मग जीभ पुढे का सरकेल? त्यात हवा सुटते म्हणून आपण पट्टे आवळतो, तर खालचा जबडा मागे दाबला जातो आणि जीभही त्याच्याबरोबर मागे जाते.
म्हणून मोठ्या मास्कवर बऱ्याच जणांना प्रेशर जास्त लागतं, हवा जास्त सुटते, श्वास अडकण्याचे प्रकार जास्त उरतात आणि तो रात्रभर टिकतही नाही. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा मांडला तोही नाकातूनच. अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिन अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही नाकाच्या मास्कला झुकतं माप आहे.

गोखले आजोबा: पण मी तर नाक-तोंडाचाच लावतो, आणि माझं उत्तम चाललंय. नाकाचं हाड वाकडं, एक बाजू कायम बंद.

तेजश्री: मग तुम्ही बदलू नका आजोबा. नाकातून हवाच जात नसेल तर तोच लागतो. मशीनच्या रिपोर्टमध्ये श्वासाचे तासाला ५ पेक्षा कमी अडथळे असतील, हवा सुटत नसेल, तर उगाच हात लावू नये.

पाटील (बी-४०४): [फॉरवर्ड केलेला व्हिडिओ] रात्री तोंडाला टेप लावा, मशीनची गरजच नाही!!

तेजश्री: पाटीलकाका, कृपया नको. मोठ्या मास्कच्या आत तर अजिबातच नको. टेपखाली उलटी आली तर श्वासनलिकेत जाईल. आणि वीज गेली की मोठ्या मास्कची झडप उघडून बाहेरची हवा येते, नाकाच्या मास्कमध्ये माणूस तोंडाने श्वास घेतो. टेप लावून तेच तोंड बंद करायचं?

कुलकर्णीकाका: पण माझं तोंड उघडंच असतं म्हणे. मग नाकाचा कसा चालेल?

तेजश्री: घसा बंद पडतो म्हणून तोंड उघडतं, असेही पुष्कळ असतात. प्रेशर नीट लागलं की बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं. त्या रात्री तुमचं जमलंच होतं की. नाक चोंदत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मशीनचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) सुरू ठेवा. तरीही तोंडातून हवा गेली तर हनुवटीचा पट्टा आहे.

सावंत, सेक्रेटरी: आता विषय निघालाच आहे तर... मीपण लावतो. नाकपुड्यांना टेकणारे पिलो असतात ना, ते. मिशीमुळे नाकाच्या मास्कमधून फुसफुस व्हायची.

कुलकर्णीकाकू: अगबाई! आणि आम्हाला ग्रुपचे नियम सांगत होतात 😄

तेजश्री: काकू, डॉक्टरांना विचारून नाकाचा मास्क मागा. दुकानात उभ्याने माप देऊ नका. आडवं होऊन, मशीन सुरू करून, कुशीवर वळून बघा. झोपताना काकांच्या चेहऱ्याला तेल-क्रीम नको, मास्कचं सिलिकॉन घसरतं. मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवायची. मशीनच्या सेटिंगमध्येही मास्कचा प्रकार बदलून घ्या, आणि काही दिवसांनी मशीनमधल्या कार्डावरचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. प्रेशर आपल्या मनाने हलवायचं नाही.

कुलकर्णीकाका: शनिवारी जातो.

तेजश्री: आणि हो, काही मास्कच्या पट्ट्यांच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर असला मास्क घेऊ नका. लावणाऱ्याला नसला आणि शेजारी झोपणाऱ्याला असला, तरीही. निदान १५ सेंटिमीटर अंतर हवं.

गोखले आजोबा: हिला पेसमेकर आहे. माझ्या क्लिपा टकदिशी आपोआप चिकटतात, ते चुंबकच का?

तेजश्री: हो आजोबा. बिनचुंबकाच्या क्लिपचा मास्क मिळतो, उद्याच फोन करा. आजींच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला. तोवर आजींना दुसऱ्या खोलीत झोपू दे.

गोखले आजोबा: विचारलं. म्हणते, तुम्ही घोरत होतात तेव्हा मी खोली सोडली नाही, आता चुंबकासाठी का सोडू? मशीन घेऊन हॉलमध्ये जायचा हुकूम झालाय. तिथे पलंगाजवळ प्लग नाही. कुणाकडे लांब एक्स्टेन्शन बोर्ड आहे का?